सहा आठवडे, चारशे लड्या आणि एक प्रश्न

रंगारीण | १ सप्टेंबर, रात्री ११.४०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. (धाग्याच्या धंद्यातल्या बाईने धागा काढला, हा विनोद करून झालाय असं समजा. निम्मे प्रतिसाद वाचतील.)

नवीन लोकांसाठी: मी विणकामाची लोकर हाताने रंगवते. कारखाना वगैरे काही नाही. चार शेगड्या, सहा पातेली, एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि मी. ऑनलाइन विक्री वर्षभर रडतखडत चालते, खरा धंदा फायबर फेस्टिवलांच्या हंगामात. अमेरिकेतले दोन मोठे विणणाऱ्यांना ऐकून तरी माहीत असतील: मे महिन्याच्या सुरुवातीचा मेरीलँडचा आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारचा ऱ्हाइनबेकचा. मी जाते तो मेळा त्यांच्यापुढे चिमुकला आहे. पण मेंढ्या, कातरणी, चरखे आणि लोकर हुंगत फिरणारी माणसं सगळीकडे सारखीच.

यंदा ४०० लड्या न्यायच्या आहेत. एक लडी १०० ग्रॅमची, बारीक सूत, साधारण ४०० मीटर. एका पातेल्यात पाच लड्या मावतात, म्हणजे ८० पातेली. रोज चार पातेली उतरवली तर २० दिवस, आणि हा नुसता रंग झाला. आधी लड्या भिजवणं, नंतर धुणं, पिळणं, वाळवणं, पुन्हा गुंडाळणं, पीळ घालणं, लेबल लावणं हे सगळं वेगळंच.

आता प्रश्न. गेल्या वर्षी मी जवळजवळ दीडशे रंग नेले, प्रत्येकाच्या दोन-तीन लड्या. स्टॉल असा देखणा झाला होता की लोक थांबून फोटो काढत होते. मग एक बाई आल्या. करड्यावर गंजाचे शिंतोडे असलेली एक लडी त्यांनी उचलली, गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "याच्या पाच द्या, स्वेटर करायचाय." माझ्याकडे दोन होत्या. झोपलेलं बाळ खाली ठेवावं तशी त्यांनी ती लडी आकड्यावर परत ठेवली. दोन दिवसांत असं अकरा वेळा झालं. बिलबुकाच्या मागे रेघा मारत होते म्हणून आकडा लक्षात आहे.

तर यंदा रंग थोडे आणि प्रत्येकाचे ढीग, की रंग पुष्कळ आणि एकेक-दोनदोन? विणणारे, रंगवणारे, नुसते बघे, सगळ्यांनी सांगा.

टाका_चुकला | १ सप्टेंबर, रात्री ११.४६

रुमाल टाकतेय. सकाळी वाचते.

सुईबाई | २ सप्टेंबर, सकाळी ७.१५

ढीग. शंभर वेळा ढीग.

मी त्या अकरा रेघांपैकीच एक, म्हणजे तुझ्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी बिलबुकातली. बारीक सुताचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर मला चार लड्यांत जेमतेम होतो, धास्ती नको म्हणून पाच घेते. एकेक लडी आवडली म्हणून आणत गेले तर तिचे मोजे होतात, टोपी होते, नाहीतर ती कपाटात जाते. माझ्या कपाटात आता अशा 'नुसतीच आवडली' लड्यांचं अनाथालय आहे.

आणि ऱ्हाइनबेकला जाणाऱ्यांत तर मेळ्यासाठी खास स्वेटर विणून तो तिथे अंगावर मिरवायची रीतच आहे. ती माणसं पुढच्या वर्षीच्या स्वेटरची लोकर तिथूनच उचलतात. स्वेटरभर लोकर एकाच रंगात मिळाली नाही तर ती पुढच्या स्टॉलवर जाणार, दुसरं काय करणार?

तिरकस | २ सप्टेंबर, सकाळी ९.०२

मी नुसते बघे या गटातला. आमच्याकडे विणते ती बायको, मी पिशव्या धरतो. माझं निरीक्षण असं की स्वेटरभर लोकर घेतली तरी स्वेटर होतोच असं नाही. आमच्या कपाटात सध्या असे सहा स्वेटर लडीरूपात आहेत.

(हलके घ्या. ती पण या साइटवर असते.)

नीळकंठ | २ सप्टेंबर, सकाळी १०.३०

माझं मत उलटं आहे. हाताने रंगवलेल्या लोकरीत एकसारख्या पंधरा लड्या मागायच्या असतील तर सरळ गिरणीची घ्यावी. तिथे त्यासाठीच लॉट नंबर छापलेला असतो.

मी निळीत आणि मंजिष्ठेत काम करतो. निळीच्या पिंपातून लडी वर काढली की ती हिरवट-पिवळी दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. तो अर्धा मिनिट मी बारा वर्षं पाहतोय, अजून कंटाळा आला नाही. पिंप आज जोरात असेल तर गडद येतो, उद्या थकलं असेल तर आभाळी. त्याला काय नंबर देणार? गिऱ्हाइकाला सांगतो, हा रंग आज आहे, आवडला तर घ्या.

सुईबाई | २ सप्टेंबर, सकाळी १०.४१

नीळकंठ, तुमचं बरोबर आहे, पण एकेकदा ती 'आज'ची नीळ विणताना माझ्या बोटांवर आणि बांबूच्या सुयांवर उद्यापर्यंत असते.

नीळकंठ | २ सप्टेंबर, सकाळी ११.०५

ती वरवर बसलेली नीळ. धुण्यात हयगय केली की तशी उतरते. पाणी नितळ येईपर्यंत धुवायला हवं. मान्य, पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडूनही तशा लड्या गेल्यात. एका गिऱ्हाइकाने निळ्या बोटांचा फोटो पाठवला होता. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसता फोटो.

टाका_चुकला | २ सप्टेंबर, दुपारी १.२०

वाचलं. बाळबोध प्रश्न: हे घरी करता येतं का? माझ्याकडे पांढरं सुती सूत खूप पडलंय.

रंगारीण | २ सप्टेंबर, दुपारी २.१०

लोकरीवर येतं. सुतीवर माझे रंग चढणार नाहीत. मी वापरते ते अॅसिड डाय: लोकर, रेशीम, नायलॉन यांच्यावर बसतात, कापसावरून धुऊन निघून जातात. कापसाचे रंग वेगळे, पद्धतही वेगळी. 'अॅसिड' म्हणजे भयंकर काही नाही, सायट्रिक अॅसिड किंवा व्हिनेगर. पण पूड फार बारीक असते, कालवताना मास्क लावायचाच. आणि ज्या पातेल्यात रंग केला ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही, कितीही घासलं तरी.

क्रिया तशी सोपी आहे. लोकर अर्धा तास भिजवायची, रंगाच्या पाण्यात सोडायची, हळूहळू ८५-९० अंशांपर्यंत न्यायची, अर्धा तास तिथे राखायची. सगळा रंग लोकरीने ओढला की पाणी नितळ होतं. चमचाभर पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन बघायचं, रंग दिसला नाही की झालं. मग हात न लावता रात्रभर थंड होऊ द्यायचं. हा 'हात न लावता'चा भाग सगळ्यात अवघड.

जुनी_फिरकी | २ सप्टेंबर, रात्री १०.५५

रंगारीण, तुझा आकडा वाचून मला माझा चौथा हंगाम आठवला. आता सतरावा चालू आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं म्हणजे तुझं गणित कागदावर बरोबर आहे आणि घरात चूक आहे. २० दिवस रंगाला लागतात हे खरं, पण खोळंबा होतो वाळवणात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात ठेवते आणि तरी हाताला कोरडी लागते. चौथ्या वर्षी शेवटचे आठ दिवस पाऊस होता. 'वाळल्यात' म्हणून मी साठ लड्यांना पीळ घालून लेबलं लावली आणि प्लॅस्टिकच्या पेटीत भरल्या. मेळ्यात पेटी उघडली तेव्हा ओल्या मेंढीचा असा भपकारा आला की शेजारच्या स्टॉलवाल्याने वळून जनावरांच्या शेडकडे पाहिलं. तेव्हा रंगाचं काम मेळ्याच्या दहा दिवस आधी बंद. काही झालं तरी बंद.

दुसरं, ढीग हवेत हे सुईबाईंचं म्हणणं मला पटतं. पण ढीग करायचा तर सवय बदलावी लागते. पंधरा लड्या म्हणजे तुझी तीन पातेली, आणि तीन पातेली एकसारखी उतरवणं हे मापाने होतं, नजरेने नाही. मी १ टक्क्याचं द्रावण करून ठेवते, १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम पूड. पाच लड्या म्हणजे ५०० ग्रॅम लोकर, तिला २ टक्के रंग द्यायचा तर १० ग्रॅम पूड, म्हणजे एक लिटर द्रावण. वही शेगडीच्या शेजारी. 'उद्या लिहीन' म्हटलेलं मी कधीही लिहिलेलं नाही.

जांभळ्याला विशेष जप. बऱ्याच जांभळ्या मिश्रणांतला लाल आधी धावतो आणि निळा मागे राहतो, मग लडीवर गुलाबी डाग आणि निळ्या कडा उमटतात. काही लोकांना तेच आवडतं, मलाही आवडतं. पण तीन पातेल्यांत तो तीन तऱ्हांनी फुटला तर ढीग जमत नाही. एकसारखा हवा असेल तर अॅसिड उशिरा, थोडं थोडं घाल आणि आच मंद ठेव. सुपरवॉश लोकर (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) तर रंग इतक्या हावरेपणाने ओढते की पाणी तापायच्या आधीच अर्धा खेळ संपलेला असतो.

तिसरं, उजेड. माझ्या खोलीतल्या ट्यूबखाली दोन पातेल्यांतला राखाडी अगदी जुळा दिसत होता. मेळ्यात एक बाई दोन लड्या घेऊन तंबूच्या दारापाशी गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "ताई, ही हिरवी आहे." आणि खरंच होती. सूर्यप्रकाशात एक लालसर राखाडी, एक शेवाळी. म्हणून दिवसा खिडकीत आणि रात्री दिव्याखाली, दोन्हीकडे बघून मगच एका ढिगात टाक. लेबलावर पातेल्याचा नंबर टाक. गिऱ्हाइकाला सांग, दोन नंबर मिसळलेच तर दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा.

सुईबाई | २ सप्टेंबर, रात्री ११.२०

आलटून पालटून विणा म्हणे! सांगायला सोपं. बाहीत दोन गुंडे लोंबकळत असतात ते आम्हाला विचारा.

बाकी पोस्ट वहीत उतरवून ठेवण्यासारखी, +१.

कातरवेळ | ३ सप्टेंबर, सकाळी ६.३०

अवांतर आहे, पण सुपरवॉशचा विषय निघाला म्हणून. माझ्याकडे थोड्या मेंढ्या आहेत, मी मेळ्यात कच्ची लोकर घेऊन बसतो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, त्यामुळेच ती घुसळली की नमद्यासारखी होते. सुपरवॉश करताना ते खवले क्लोरीनने झिजवतात, वरून बऱ्याचदा रेझिनचा थर देतात. मग ती मशीनमध्ये धुता येते आणि रंगही झगझगीत घेते. ठीक आहे, पण मेंढीने वर्षभर जे केलं ते पुसून वर प्लॅस्टिक चढवायचं आणि बोर्डावर 'निसर्गाची देणगी' लिहायचं, हे मला झेपत नाही.

रंगारीण | ३ सप्टेंबर, सकाळी ९.४५

कातरवेळ, माझ्या बोर्डावर असलं काही नाही हो. :-) पण मुद्दा मान्य. तरी बाळाचे कपडे आणि मोजे विणणारे पहिला प्रश्न मशीनचाच विचारतात. साधी लोकर मीही रंगवते. एकदा घाईत गरमागरम लड्या नळाखाली धरून खसाखसा धुतल्या. नऊ लड्या गेल्या त्या घोंगडी होऊनच बाहेर आल्या. त्यातली एक अजून शेगडीखाली पाय पुसायला आहे.

कातरवेळ | ३ सप्टेंबर, सकाळी १०.००

नऊ लड्यांना माझी श्रद्धांजली.

भिंगरी | ३ सप्टेंबर, दुपारी ४.१२

मी क्रोशेवाली. सगळ्यांनी विणणाऱ्यांचाच हिशोब केलाय म्हणून निषेध नोंदवते. आम्हाला त्याच मापाच्या कपड्याला बहुधा जास्त लोकर लागते, तेव्हा आमच्यासाठी तर ढीगच हवा.

पण ढीग-ढीग करताना एक विसरू नका. मेळ्यात पहिल्या दिवशी मी एकही ढीग बघत नाही. आधी एकुलत्या एक लड्या बघते, कारण त्या दुपारी नसतात. हात तिथे आधी जातो, पाय त्याच्यामुळे थांबतात. नुसते ढीग मांडलेत तर स्टॉल कापडदुकानासारखा दिसेल.

जुनी_फिरकी | ३ सप्टेंबर, रात्री ९.३०

भिंगरीने नेमकं बोट ठेवलं. एकट्या लड्यांनी माणूस थांबतो, ढिगाने पैसे येतात.

रंगारीण | ४ सप्टेंबर, रात्री १२.२५

ठरलं. वीस रंग, प्रत्येकी १५ लड्या, म्हणजे ३०० लड्या आणि ६० पातेली. उरलेल्या १०० एकट्या, ट्रेमध्ये हाताने रंग ओतून वाफेवर. त्या पुढच्या टोपलीत. प्रत्येक लेबलावर पातेल्याचा नंबर. वही शेगडीशेजारी ठेवली आहे, पेन दोरीने बांधलंय.

नीळकंठ, तुमच्यासाठी त्या शंभर.

नीळकंठ | ४ सप्टेंबर, सकाळी ८.००

पावलो.

तिरकस | २६ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

धागा वर काढतोय. रंगारीणताई जिवंत आहेत का? 'ती' विचारतेय. (तिने हा धागा वाचला. कपाटाबद्दल आमची चर्चा झाली. आता सात स्वेटर आहेत.)

रंगारीण | २७ सप्टेंबर, रात्री १.०५

जिवंत. पातेलं क्रमांक ५६ उतरवलं. नखं हिरवी आहेत. काल हातमोजा फाटका निघाला आणि मला ते तासाभराने कळलं. घरात दारांना, खिडक्यांना, व्यायामाच्या सायकलला, सगळीकडे लड्या टांगलेल्या आहेत. घरातल्या माणसांनी वाकून चालायची सवय करून घेतली आहे.

हिरव्याचं तिसरं पातेलं बाकी आहे आणि हिरवी पूड संपली. नवी यायला आठवडा लागेल. जुनी_फिरकीच्या हिशोबाने तेवढा वेळ माझ्याकडे नाही. बघते काहीतरी.

जुनी_फिरकी | २७ सप्टेंबर, सकाळी ७.१०

झोप आधी.

सुईबाई | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

झाला असेल ना मेळा? काय झालं, ढीग की टोपली? आम्ही खोळंबून बसलोय.

रंगारीण | १५ ऑक्टोबर, रात्री १०.१५

झाला. दोन दिवस उभी होते, आवाज बसलाय, पण टाइप करता येतंय.

टोपली: पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत शंभरातल्या अकरा उरल्या होत्या. भिंगरी, तुझं तंतोतंत खरं ठरलं. लोक टोपलीत हात घालून थांबायचे आणि थांबलेले अर्धे मागच्या ढिगांपर्यंत यायचे.

ढीग: वीसपैकी सात रंग पूर्ण गेले. निळे सगळे गेले. ज्या जांभळ्यावर मी तीन रात्री काढल्या, अॅसिड थेंबाथेंबाने घातलं, तिन्ही पातेली खरंच सारखी आली, त्याच्या पंधरातल्या दोन विकल्या. एका बाईंनी विचारलं, "हा जरा फुटलेला नाही का मिळणार? गुलाबी डागांचा?" मी काही बोलले नाही.

'पाच द्या' चौदा जणांनी म्हटलं आणि बारा जणांना देता आल्या. बिलबुकाच्या मागे यंदा दोनच रेघा.

आता खरी गंमत. हिरव्याचं तिसरं पातेलं राहिलं होतं ना? त्या रात्री पूड नव्हती, झोपही येत नव्हती. बरण्यांच्या तळाशी जेवढी द्रावणं उरली होती ती सगळी एकत्र ओतली आणि पाच लड्या सोडल्या. सगळं मिसळल्यावर व्हायचा तोच झाला, तपकिरी. पण उन्हात धरला तर आत कुठेतरी ऑलिव्ह आणि कडेला जरासा जांभळा. नाव सुचेना म्हणून लेबलावर नुसतं 'पातेलं ५७' लिहिलं आणि कोपऱ्यात ठेवल्या.

पहिल्या तासात एका बाईंनी पाचही उचलल्या, आणि पिशवी नको म्हणून सगळ्या हातावर टांगून दिवसभर मेळ्यात फिरल्या. दुपारपासून माणसं येऊन विचारायला लागली, "सत्तावन्न आहे का?" मला आधी वाटलं वय विचारतायत. एकोणीस जणांनी नाव आणि मेल लिहून ठेवलंय. त्यातल्या सहा जणांना स्वेटरभर हवाय. वहीत ५७ च्या पानावर एवढंच आहे: 'उरलेलं सगळं. झोप.'

नीळकंठ | १५ ऑक्टोबर, रात्री १०.२२

मी काही बोलत नाही. फक्त माझा २ सप्टेंबरचा प्रतिसाद पुन्हा वाचावा ही विनंती.

तिरकस | १५ ऑक्टोबर, रात्री १०.४०

१८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाइन करायला बसला होता, भांड्यात निघाला जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा सगळा धंदा उभा राहिला. ताई, तुमचं ५७ त्याच रांगेतलं. फरक एवढाच की तो पोरगा वही लिहीत असावा.

भिंगरी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.४४

खिक्! मला पण लिहा यादीत, वीस नंबर. क्रोशेसाठी, म्हणजे सात लड्या.

जुनी_फिरकी | १५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

हसा लेको. रंगारीण, तू बरण्या धुतल्यास का? धुतल्या नसशील तर प्रत्येकीच्या आत द्रावणाची जुनी पातळी दाखवणारी रेघ सुकलेली असते, तिच्यावरून किती उरलं होतं याचा अंदाज येईल. शिवाय ५६ पर्यंत कोणत्या बरणीतून किती काढलं ते वहीत आहेच. केलेल्यातून वापरलेलं वजा कर, उरलेलं निघेल. मग दहा-दहा ग्रॅमच्या छोट्या लड्या करून पाच-सहा प्रयोग कर. एखादी तरी लडी राखून ठेवलीस ना, जुळवायला?

रंगारीण | १५ ऑक्टोबर, रात्री ११.४८

लडी नाही राखली. पण ओल्या लडीचं टोक बांधलेला धाग्याचा तुकडा लेबल लावताना कापला होता, तो पेनच्या दोरीला गुंडाळलेला सापडला. बोटभर आहे.

बरण्या बघून येते.

रंगारीण | १६ ऑक्टोबर, रात्री १२.०३

सहा धुतल्यात. तीन नाही.